वेग कोठें अडतो?

रात्रीचीं जेवणें आटोपलेलीं असतात. घरांतील कोणी तरी संगणकासमोर बसून एखादी मोठी फाइल उतरवून घेत असतो. पडद्यावरची पट्टी प्रथम झरझर पुढें सरकते, मग रेंगाळते आणि शेवटीं जागच्या जागीं थबकते. अशा वेळीं घरोघर एकच उद्गार निघतो कीं, मार्ग अपुरा आहे; चार पैसे अधिक भरावे आणि अधिक वेगाची जोडणी घ्यावी. पुष्कळदां ती घेतलीहि जाते, आणि महिन्याभरानें तीच पट्टी त्याच ठिकाणीं थबकलेली दिसते.

रोग एक आणि औषध दुसरेंच, असा हा प्रकार आहे. दुरून येणारा संदेश वाटेंत कां रेंगाळतो, हा प्रश्न मात्र कालपरवांचा नव्हे. त्याला दीडशें वर्षांहून अधिक मोठा इतिहास आहे. त्या इतिहासांत तीन प्रसंग असे आहेत कीं, ज्यांत भल्याभल्यांचें निदान प्रथम चुकलें, आणि ज्यांनीं शांतपणें मोजमाप केलें त्यांनाच अखेर दोष सांपडला. घरच्या संगणकाचा मंदपणा कसा शोधावा, याचे धडेहि त्या तीन प्रसंगांतच आहेत.

पहिला प्रसंग १८५८ सालचा. त्या वर्षीं ५ ऑगस्ट रोजीं आयर्लंडमधील व्हॅलेन्शियापासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिक महासागराच्या तळाशीं सुमारे दोन हजार मैल लांबीची तार टाकून पुरी झाली. जें वर्तमान जहाजानें पोंचावयास दिवसच्या दिवस लागत, तें आतां क्षणांत पोंचेल या आशेनें दोन्ही किनारे हर्षभरित झाले. न्यूयॉर्कमध्यें एवढी आतषबाजी झाली कीं, तेथील सिटी हॉलच्या घुमटालाच आग लागली. परंतु १६ ऑगस्ट रोजीं राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेचे अध्यक्ष बुकॅनन यांना पाठविलेला अभिनंदनाचा संदेश पुरा झाला, तेव्हां त्या अवघ्या ९८ शब्दांना सुमारे १६ तास लागले होते. म्हणजे एका शब्दास जवळजवळ दहा मिनिटें!

वीज तर क्षणांत धांवते. मग विलंब कशाचा? याचें उत्तर ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें विख्यात झाले, त्यांनीं तार टाकण्यापूर्वींच गणितानें सांगून ठेविलें होतें. समुद्रांतील तार म्हणजे मध्यें तांबें, त्याभोंवतीं गटापर्चाचें वेष्टण आणि त्याबाहेर खारें पाणी. अशी तार नुसती विजेची वाट नसते, ती विजेची एक लांबलचक टांकीहि असते. एका टोंकाकडून वीज सोडली कीं प्रथम ती टांकी भरावी लागते. पुढला संकेत स्पष्ट उमटावयाचा तर ती पुन्हां रिकामी व्हावी लागते. घाईनें संकेतांवर संकेत सोडले तर पलीकडे त्यांचा एकमेकांत कालवा होतो. टॉमसन यांचा निष्कर्ष असा कीं, तारेची लांबी दुप्पट झाली तर हा विलंब दुप्पट नव्हे, तर चौपट होतो.

कंपनीचे विद्युत्-अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हें मत मान्य नव्हतें. हे गृहस्थ मूळचे शस्त्रवैद्य. प्रयोगाची हौस दांडगी, पण गणितावर विश्वास थोडा. संदेश मंद जातो, तर जोर वाढवावा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांनीं मोठमोठीं विद्युत्-वेटोळीं लावून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब त्या तारेवर घातला. तार घडणींतच सदोष होती, आणि उघड्यावर उन्हांत पडून तिचें वेष्टण आधींच दुर्बळ झालें होतें. त्यावर हा मारा झाल्यावर ती कितीशी टिकणार? संकेत दिवसेंदिवस अस्पष्ट होत गेले, आणि सप्टेंबरच्या आरंभीं तार कायमची मुकी झाली.

तिच्या त्या अल्प आयुष्यांतील एका संदेशाचा संबंध हिंदुस्थानशीं आहे. १८५७ च्या उठावाच्या धामधुमींत कॅनडांतील दोन पलटणींना तेथून निघण्याचा हुकूम गेलेला होता. उठाव आटोक्यांत आल्यामुळें तो हुकूम रद्द करणारा संदेश याच तारेनें वेळेवर पोंचला, आणि सरकारचे हजारों पौंड वांचले. तारेचें मोल काय हें त्या एका संदेशानें सिद्ध केलें. म्हणूनच तिचें मरण सर्वांच्या मनाला लागलें.

टॉमसन यांचा मार्ग अगदीं उलट होता. जोर वाढविण्याऐवजीं त्यांनीं ऐकणारा कान तीक्ष्ण केला. रेशमाच्या धाग्यावर टांगलेला एक चिमुकला आरसा, त्याच्या पाठीशीं बारीक लोहचुंबक, आणि आरशावरून मोजपट्टीवर पडणारा दिव्याचा कवडसा, एवढेंच तें यंत्र. विजेची अगदीं क्षीण लाट आली तरी कवडसा हलतो आणि संकेत वाचतां येतो. पुढें सरकार व कंपनी यांच्या संयुक्त समितीनें झाल्या प्रकाराची कसून चौकशी केली. जाड तांबें आणि चांगलें वेष्टण असलेली नवी तार ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजानें १८६६ सालीं टाकली. तिच्यावरून मिनिटास सुमारे आठ शब्द जाऊं लागले. पहिल्या तारेच्या मानानें हा वेग कांहीं ऐंशीपट होतो. हेंच जहाज १८७० च्या आरंभीं मुंबईस आलें आणि मुंबईपासून एडनकडे तार टाकीत गेलें. त्याच वर्षीं जून महिन्यांत मुंबई व लंडन हीं शहरें समुद्रमार्गें तारेनें जोडलीं गेलीं.

या पहिल्या प्रसंगाचा धडा असा कीं, मार्ग मंद वाटला म्हणून त्यावर अधिक मारा करणें हा उपाय नसून कित्येकदां तो अपायच होय. परंतु हा धडा शंभराहून अधिक वर्षांनीं, निराळ्या वेषांत, पुन्हां शिकावा लागला.

टेलिग्राफच्या आरंभींच्या काळीं एका तारेवरून एका वेळीं एका दिशेनें एकाचाच संदेश जाई. संगणकांच्या जाळ्यांत तसें नसतें. तेथें प्रत्येक फाइलीचे लहान लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा जणुं स्वतंत्र पाकिटांत घालून, वर पत्ता लिहून, टपालासारखा सोडून देतात. हजारों लोकांचीं पाकिटें एकाच वाटेनें मिसळून जातात. जेथें वाटा मिळतात तेथें तीं रांगेंत थांबतात. रांग फार वाढली तर मागून येणारीं पाकिटें सरळ टाकून दिलीं जातात. म्हणून पाठविणारा संगणक प्रत्येक पाकिटाची नक्कल जपून ठेवतो. पलीकडून पोंच आली नाहीं तर तो तेंच पाकीट पुन्हां धाडतो.

योजना चोख आहे, पण तिच्यांत एक धोका दडलेला होता. जॉन नेगल या अमेरिकन अभियंत्यानें १९८४ च्या जानेवारींतच त्याविषयीं इशारा दिला होता. वाटेवर गर्दी झाली कीं पोंच येण्यास उशीर होतो. उशीर झाला कीं पाठविणारा समजतो, पाकीट हरवलें. आणि तें पुन्हां पाठवितो. त्यामुळें गर्दी आणखी वाढते. अखेर सगळी वाट एकाच पाकिटाच्या नकलांनीं भरून जाते आणि नवें असें कांहींच पलीकडे पोंचत नाहीं.

१९८६ च्या ऑक्टोबरमध्यें हें भाकीत खरें ठरलें. कॅलिफोर्नियांत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचें विद्यापीठ यांच्यामध्यें अंतर अवघें चारशें यार्ड. त्या दोहोंमधील वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून घसरला तो एकदम ४० बिटांवर आला. एक माणूस कागद हातांत घेऊन पायीं निघाला असता तर त्या विजेच्या वाटेच्या कितीतरी आधीं पोंचला असता! प्रयोगशाळेंतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठांतील मायकेल कॅरल्स या दोघांनीं दोषाचा माग काढण्यास आरंभ केला. वाट रुंद करा, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. दोन्ही टोंकांचे संगणक नेमके कसे वागतात, हें त्यांनीं पाकिटागणिक वेळ मोजून तपासलें. तेव्हां दिसून आलें कीं, दोष वाटेंत नसून वाट वापरणारांच्या शिस्तींत आहे.

दोघांनीं १९८८ सालीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. त्यांतील नियम एखाद्या सुजाण वाटसरूला शोभण्यासारखे आहेत. आरंभ थोड्या पाकिटांनीं करावा. पोंच येत जाईल तसतसें प्रमाण वाढवावें. एखादें पाकीट हरवलें तर तो गर्दीचा इशारा समजून आपला वेग एकदम खालीं आणावा आणि मग पुन्हां पायरीपायरीनें चढावें. आज जगांतील बहुतेक संगणकांत या शिस्तीचें कोणतें ना कोणतें रूप आहे. ती पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्यास वाटेवर कोणी शिपाई उभा नाहीं. प्रत्येक यंत्रानें आपण होऊन थोडें मागें सरावें, एवढ्या एका संयमावर हें सारें जाळें उभें आहे. पट्टी मध्येंच मंदावते तेव्हां कित्येकदां संगणक बिघडलेला नसतो. तो दुसऱ्याला वाट देत असतो.

याच काळांत दोष शोधण्याचीं दोन लहान पण अमोल साधनें निर्माण झालीं. माइक मूस या अमेरिकन अभियंत्यानें १९८३ च्या डिसेंबरमध्यें ‘पिंग’ नांवाचा छोटा कार्यक्रम लिहिला. पाणबुडी शोधणारें यंत्र आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनि ऐकतें. त्या आवाजावरूनच हें नांव पडलें. पिंग दूरच्या संगणकाला एक हांक देतो आणि उत्तर यावयास किती वेळ लागला तें सांगतो. जेकबसन यांनीं कांहीं वर्षांनीं ‘ट्रेसराउट’ हें साधन केलें. तें वाटेवरील एकेका टप्प्याला हांक देत पुढें जातें. वाट संबंध न पाहतां तिचे भाग पाडून एकेक भाग निर्दोष ठरवीत जाणें, हीच पद्धत कुशल वैद्याची, आणि हीच तारखात्यांतील जुन्या कारागिरांची.

संगणकांचें जाळें पुढें प्रयोगशाळेंतून घरांत आलें. हिंदुस्थानांत सामान्य जनतेसाठीं इंटरनेटची सोय विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू केली. त्या काळीं टेलिफोनच्या तारेवर मोडेम लावून जोडणी करीत. त्या मोडेमची ती किरकिर मुंबईपुण्यांतील पुष्कळ घरांच्या स्मरणांत अजून असेल. सेकंदास ९,६०० बिटांच्या मोडेमवर १,२०,००० बाइटांचें एक छायाचित्र उतरावयास शंभर सेकंद लागत. ज्यांना हें गणित जुळत नाहीं त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, आठ बिट मिळून एक बाइट होतो. वेग विकणारे तो बिटांत सांगतात आणि फाइलीचें वजन बाइटांत मोजतात. म्हणून शंभर मेगाबिटांची जोडणी घेणारास सेकंदास साडेबारा मेगाबाइटांहून अधिक कधींच मिळावयाचें नाहीं. घरोघरच्या तक्रारींपैकीं कांहीं तर या आठानें भागण्याच्या विसरामुळेंच उत्पन्न होतात.

मोडेम जाऊन टेलिफोनच्याच तारेवर रुंदपट्ट्याची जोडणी आली, तेव्हां टॉमसन यांच्या जुन्या तारेची पुन्हां आठवण व्हावी असा अनुभव आला. घर टेलिफोन केंद्रापासून जितकें दूर, तितका संकेत क्षीण आणि वेग कमी. एकाच पेठेंत, एकच दर भरणाऱ्या दोन घरांना निरनिराळा वेग मिळे तो यामुळें.

दुसरें एक कारण याहूनहि गूढ होतें. पोंच न आलेलीं पाकिटें एका वेळीं किती वाटेवर असूं द्यावीं, याची मर्यादा जुन्या नियमांत ६५,५३५ बाइटांची होती. लांबच्या देशांतून पोंच परत येण्यास पाव सेकंद लागला, तर सेकंदांत अशा चारच खेपा होतात. वाट कितीहि रुंद असो, वेग सेकंदास सुमारे एकवीस लाख बिटांवर अडकून पडतो. ही मर्यादा ओलांडण्याची तोड १९९२ सालींच निघाली होती, पण घरगुती संगणकांत ती सर्रास आपोआप लागू होण्यास पुढील कित्येक वर्षें गेलीं. तोंवर जवळच्या ठिकाणाहून फाइल झरझर येई, आणि अमेरिकेंतून तीच फाइल येतांना रखडे. दोष मात्र घरांतील तारेला दिला जाई!

तिसरा प्रसंग २०१० सालचा, आणि तो तर एका घरांतच घडला. जिम गेटिस हे नामांकित अमेरिकन संगणक-अभियंते. घरच्या संगणकावरून कचेरीच्या संगणकाकडे ते मोठ्या फायली धाडीत, तेव्हां घरांतील इतरांचें इंटरनेट लुळें पडल्यासारखें होई. पिंग करून पाहतां, जें उत्तर एरव्हीं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या सुमारास यावें, तें यावयास एक सेकंदाहून अधिक वेळ लागे. गेटिस यांनीं पाकिटांची नोंद करून ती बारकाईनें वाचली, आणि जेकबसनप्रभृति जुन्या जाणत्यांना दाखविली. तेव्हां दोषी ठरली ती एक अशी वस्तु, जी उपकारासाठींच बसविलेली होती. ती म्हणजे मोडेमच्या पोटांतील पाकिटांची कोठी.

स्मरणशक्तीच्या चिपा स्वस्त झाल्या होत्या. एकहि पाकीट हरवूं नये या सद्हेतूनें उत्पादकांनीं मोडेम, राउटर वगैरे सर्व यंत्रांत मोठमोठ्या कोठ्या ठेवल्या. परंतु १९८८ च्या शिस्तींत पाकीट हरवणें हाच तर गर्दीचा इशारा! कोठी मोठी, म्हणून पाकीट हरवत नाहीं. हरवत नाहीं, म्हणून पाठविणाऱ्याला गर्दी कळत नाहीं. कळत नाहीं, म्हणून तो आणखी पाठवितो. परिणाम असा होतो कीं, कोठी सदैव कांठोकांठ भरलेली राहते आणि मागून येणाऱ्या प्रत्येक पाकिटाला संबंध रांगेमागें तिष्ठत बसावें लागतें. घरांतील एकानें छायाचित्रें वर चढविण्यास घेतलीं, तर दुसऱ्याच्या डाऊनलोडच्या पोंचा त्याच रांगेंत अडकतात. पोंच वेळेवर जात नाहीं, म्हणून पलीकडचा संगणक पुढचीं पाकिटें सोडीत नाहीं. येणाऱ्या मालाची वाट मोकळी असते, आणि तरी माल येत नाहीं.

गेटिस यांनीं या विकाराला इंग्रजींत ‘बफरब्लोट’ म्हणजे कोठीची सूज असें नांव दिलें. त्यावरचा उपाय २०१२ सालीं कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनीं काढला. रांग किती लांब आहे हें न पाहतां, पाकिटाला रांगेंत किती वेळ थांबावें लागलें हें पाहावें. हा विलंब सेकंदाच्या हजारांश पांच भागांच्या वर रेंगाळूं लागला, तर एखादें पाकीट मुद्दाम टाकून द्यावें, म्हणजे पाठविणारा समजून मागें सरेल. त्याला जोडून प्रत्येकाची रांग निराळी ठेवण्याची युक्ति निघाली. त्यामुळें मोठ्या फाइलीमागें लहानसा निरोप अडकून पडत नाहीं. ही व्यवस्था चांगल्या राउटरांत मिळूं लागली. पण ती पुष्कळदां मालकानें स्वतः सुरू करावी लागते, आणि ती आहे हेंच बहुतेकांस ठाऊक नसतें.

या तीन प्रसंगांच्या प्रकाशांत गृहस्थानें आपल्या घरचा दोष कसा शोधावा, हें सहज दिसूं लागतें. प्रथम मागितलेला वेग आणि मिळालेला वेग एकाच मापांत आणावा. मग संगणक तारेनें थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तारेवर वेग पुरा आणि वायफायवर अपुरा, तर दोष बाहेरच्या जोडणीचा नव्हे. तो भिंतींचा, अंतराचा किंवा शेजाऱ्यांच्या लहरींच्या गर्दीचा आहे, आणि राउटर जागेवरून हलविल्यानें कदाचित् काम भागेल. तारेवरहि वेग अपुरा भरला, तर घरांतील इतर यंत्रें थोडा वेळ बंद ठेवून पुन्हां मोजावें. एकाच ठिकाणाहून फाइल मंद येत असेल, तर दुसऱ्या ठिकाणाहून आणून पाहावी. कारण मंदपणा पलीकडच्या टोंकाचाहि असूं शकतो. रात्रीं मंद आणि पहाटे शीघ्र, असें घडलें तर गर्दी वस्तींतील सामाईक वाटेवर आहे. शेवटीं मोठी फाइल उतरत असतांना पिंग करून पाहावें. उत्तरास लागणारा वेळ एकदम पुष्कळ पटींनीं वाढला, तर सुजलेल्या कोठीची शंका घ्यावी. अधिक रुंद जोडणी घेण्याचा विचार या सर्व चाचण्यांनंतर करावा, त्यांच्याआधीं नव्हे.

कधीं कधीं दोष घरांत नसतो, गांवांत नसतो, देशांतहि नसतो. ३० जानेवारी २००८ रोजीं इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या दोन केबली तुटल्या आणि मुंबईपुण्यांतील कचेऱ्यांत पडद्यावरच्या पट्ट्या थबकल्या. १८७० सालीं मुंबईची तार ज्या एडन-सुएझच्या दिशेनें लंडनकडे गेली, जवळजवळ त्याच वाटेनें आजहि पश्चिमेकडचा पुष्कळसा संदेशव्यवहार चालतो. तेथें अडलेल्या वेगाला घरांतील कोणतेंच औषध लागू पडत नाहीं. अशा वेळीं ट्रेसराउट करून पाहावें, वाट कोणत्या टप्प्यापर्यंत चालू आहे तें समजून घ्यावें, आणि स्वस्थ राहावें.

व्हाइटहाउस यांनीं तारेवर दोन हजार व्होल्ट घातले ते वाईट बुद्धीनें नव्हे. मोडेम करणारांनीं मोठ्या कोठ्या ठेविल्या त्याहि वाईट बुद्धीनें नव्हेत. दोघांनाहि मदत करावयाची होती. दोघांनींहि मोजण्यापूर्वीं उपाय केला. टॉमसन यांचा तो हलता कवडसा, चारशें यार्डांच्या वाटेवर मोजलेलीं पाकिटें आणि एका घरांत वाचलेली ती पिंगांची नोंद, या तिन्ही ठिकाणीं प्रश्न एकच विचारला गेला: वेग नेमका कोठें अडतो? थबकलेल्या पट्टीसमोर बसलेल्या गृहस्थानेंहि जोडणीचे दर पाहण्याआधीं तोच प्रश्न विचारावा. त्याचें उत्तर पुष्कळदां बाहेरच्या खांबावर नव्हे, तर त्याच्याच खोलींतील कपाटामागें ठेवलेल्या एका लहानशा पेटींत सांपडतें.